मुक्काम पोस्ट वाळूचा दांडा

सुट्टीत समुद्रावर गेल्यावर उतरायचे कुठे, हा प्रश्न आयुष्याची पहिली त्र्याहत्तर वर्षे मला पडलाच नव्हता. समुद्र म्हणजे गुहागर आणि गुहागर म्हणजे मामाकडे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांतून मे महिन्यात आम्हां भावंडांना बाहेर काढायचे, भाऊच्या धक्क्यावर बोटीत घालायचे, दाभोळला उतरून खाडी ओलांडायची आणि मामाच्या ओटीवर जाऊन पडायचे. "किती दिवस राहणार?" असे मामा कधी विचारत नसे. त्याला उत्तर ठाऊक होते. शाळा उघडेपर्यंत.

मामाच्या घरातून समुद्र मात्र दिसत नसे. गुहागरला घराचे तोंड रस्त्याकडे. मागे पडवी, मग विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडे आणि बेड्याच्या पलीकडे समुद्र. "घरातून समुद्र दिसतो का हो?" असे कुणी विचारले असते तर मामा चमकलाच असता. दिसू नये म्हणून तर पणजोबांनी मध्ये एवढी झाडे लावली होती! समुद्र म्हणजे एकत्र कुटुंबातला तापट काका. त्याच्या जिवावर घर चालते हे सगळ्यांना मान्य, पण म्हणून त्याला कुणी ओटीवर आणून बसवत नाही. त्याची खोली आपली मागच्या बाजूला. रात्री दिवे मालवले की त्याचा आवाज तेवढा यायचा, आणि तो जागा आहे एवढे कळले की आम्ही झोपायचो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या चिरंजीवांचा अमेरिकेतून आलेला फोन. "बाबा, या उन्हाळ्यात तुम्ही दोघं येताच आहात, तर सगळे मिळून एक आठवडा आउटर बँक्सला जाऊ."

ज्याने चौतीस वर्षे बँकेत काढली त्याला सुट्टीत पुन्हा बँकेतच नेण्याचा बेत ऐकून मी म्हटले, "अरे, आणि तीही आउटर? म्हणजे काउंटरच्या बाहेर उभं राहायचं?" चिरंजीवांनी या विनोदाकडे दुर्लक्ष केले. अमेरिकेत गेल्यावर मुले ही गोष्ट सगळ्यांत आधी शिकतात.

तर आउटर बँक्स म्हणजे नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यापुढे, अटलांटिक महासागरात आडवे पडलेले वाळूचे लांबलचक अरुंद दांडे. अशा बेटांना तिकडे बॅरियर आयलंड म्हणतात. म्हणजे आडोशाची बेटे. महासागराचा मार स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि मागच्या किनाऱ्याला सांभाळायचे. घरातल्या थोरल्या सुनेचे काम. उत्तरेला कोराला हे गाव (लिहायचे मोटारीच्या नावासारखे कोरोला, पण म्हणायचे कोराला, मोटारवाला उच्चार केला की बाहेरचा माणूस म्हणून ओळखला जातो). मग खाली डक, किटी हॉक, किल डेव्हिल हिल्स, नॅग्ज हेड. पूल ओलांडला की हॅटरस बेट, त्यावर रोडँथी, एव्हन, बक्स्टन. आणि त्याच्याही खाली ओक्राकोक, तिथे रस्ताच जात नाही, फेरीबोटीतून गाडी न्यावी लागते. पुढे महासागर, मागे रुंद आणि उथळ खाडी, आणि मध्ये या वाळूवर घरे, दुकाने आणि अकरा माणसांचे आमचे बिऱ्हाड.

अकरा अशी: आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई आणि बारा वर्षांचा नातू, लेक, जावई आणि त्यांच्या चार वर्षांच्या जुळ्या, शिवाय त्याच सुमारास नागपूरहून आलेले आमचे व्याही आणि विहीणबाई. लेकीच्या लग्नानंतर नऊ वर्षांत ही सगळी मंडळी एका छपराखाली आली नव्हती.

खरे सांगायचे तर आठवडाभर कुठे उतरायचे याहून मोठा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला होता. पुण्यात पेरूगेटाजवळची आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला निघाली होती. बिल्डर तीन वर्षांचे भाडे देणार, तेवढ्या काळात आपण दुसरीकडे राहायचे आणि मग नव्या इमारतीत लिफ्टने वर जायचे. ही तीन वर्षे बिल्डरची. मला चौऱ्याहत्तरावे लागलेले. बँकेत व्याजाची एवढी गणिते केलेल्या माणसाला हा साधा हिशेब अवघड नव्हता, पण तो मी मांडत नव्हतो. चिरंजीव गेल्या वर्षी तिकडचे नागरिक झाले, तेव्हापासून त्यांचा धोशा, "भाड्याच्या घरात कशाला राहता? इकडेच या कायमचे. ग्रीन कार्डाचे कागद मी भरतो." त्यावर आमची ही म्हणाली, "बघू." हिच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो हे सेहेचाळीस वर्षांच्या संसाराने मला शिकवले आहे. मुलांना तो अजून 'हो' वाटतो. "समुद्रावर जाऊ तेव्हा निवांत बोलू," असे ठरले.

आता निवांत बोलायला आधी घर हवे. आणि तिथले घर भाड्याने मिळते ते शनिवार ते शनिवार. लग्नाच्या कार्यालयासारखे. चार वाजता ताबा, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला बाहेर. चिरंजीवांनी चौदा घरांचा तक्ता तयार केला. त्यात तेवीस रकाने. मुलीचे लग्न ठरवताना मी एवढे रकाने केले नव्हते. (जावईबापू हे वाचणार आहेत याची मला कल्पना आहे.) दर शनिवारी रात्री, म्हणजे आमच्या रात्री आणि त्यांच्या सकाळी, फोनच्या पडद्यावर सगळे गोळा व्हायचे आणि चर्चा सुरू व्हायची.

पहिला रकाना समुद्रापासूनच्या अंतराचा. यात तिकडे जातिव्यवस्था आहे. सर्वांत वरचे ते 'ओशनफ्रंट'. दार उघडले की वाळू. त्याखाली 'सेमी-ओशनफ्रंट', म्हणजे समुद्र आणि तुम्ही यांच्यामध्ये दुसऱ्याचे घर. मग 'ओशनसाइड', म्हणजे समुद्राच्या बाजूला आहे एवढे खरे. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' या आपल्याकडच्या जाहिरातीची ही अमेरिकन मावसबहीण. मग 'बिटवीन द हायवेज', म्हणजे समुद्राजवळून जाणारा जुना रस्ता आणि मधून जाणारा मोठा रस्ता यांच्या बेचक्यात. आणि शेवटी 'साउंडसाइड'.

"साउंडसाइड नको," मी म्हटले. "सुट्टीला जाऊन आवाजाच्या बाजूला कशाला राहायचं?"

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी एकदम हसल्या. साउंड म्हणजे मागची खाडी. खरा आवाज पुढे समुद्राकडे. साउंडच्या बाजूला शांतता. इंग्रजांनी हे नाव ठेवताना कोकणस्थाचा सल्ला घेतला असावा.

पण मला हसू येत होते ते वेगळ्याच कारणाने. या रकान्यात अंतर जितके कमी तितके भाडे जास्त. ओशनफ्रंटचे भाडे पाहून मी दोनदा चष्मा पुसला. माझ्या पणजोबांनी ज्याच्यापासून लांब राहण्यासाठी अख्खी वाडी राखली, त्याच्या जवळ जाऊन झोपण्यासाठी माझा मुलगा डॉलर मोजणार होता.

बाकीचे रकाने माणसांनी भरले. सूनबाईंना डक हवे होते, कारण तिथे खाडीच्या काठाने लाकडी पायवाट आहे आणि चालत दुकानांत जाता येते. जावयांना कोरालाच्या पलीकडे जायचे होते. तिथे डांबरी रस्ता संपतो, वाळूवरूनच गाडी हाकावी लागते आणि रानटी घोडे फिरतात. "घोडे दारात येतात," असे ते म्हणाले, आणि ही गोष्ट घर घेण्याच्या बाजूची आहे की विरुद्ध, यावर दोन तट पडले. लेकीला साउंडची बाजू हवी होती. तिथले पाणी पुष्कळ आतपर्यंत कमरेएवढेच असते आणि जुळ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे शक्य होते. विहीणबाईंची अट एकच: 'किल डेव्हिल हिल्स' या गावी मुक्काम नको.

"अहो, सैतानाला मारलंय तिथे, नावातच आहे," व्याही म्हणाले.

"मारलं म्हणजे होता ना?" विहीणबाई म्हणाल्या. यावर कुणाकडे उत्तर नव्हते. मग नॅग्ज हेड म्हणजे घोडीचे डोके, हे त्यांना कळू द्यायचे नाही असे आम्ही पुरुषांनी ठरवले. पूर्वी घोडीच्या गळ्यात कंदील बांधून तिला किनाऱ्यावर फिरवीत आणि चकलेली जहाजे वाळूत रुतली की लुटीत, अशी त्या नावामागे दंतकथा आहे. तीही आम्ही दडवली.

आमचे व्याही सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चोवीसावा रकाना घालायला लावला: घराचे खांब किती उंच? कारण तिथली घरे खांबांवर उभी असतात. वादळात पाणी आले तर ते खालून निघून जावे म्हणून. खाली गाड्या, वर माणसे. खरे म्हणजे माळा आणि गोठा.

आमच्या हिने फक्त दोन गोष्टी विचारल्या. शेगडीला जाळ किती, आणि देव ठेवायला पूर्वेची भिंत आहे का. चिरंजीव म्हणाले, "आई, पूर्वेला तर समुद्र आहे." हे ऐकून माझाच गोंधळ उडाला. समुद्र पश्चिमेला असतो, त्यात सूर्य बुडतो, हे मी जन्मापासून धरून चाललो होतो. इथे तो समुद्रातून वर येणार होता.

आणि मग तिसऱ्या बैठकीत चिरंजीव एक घर घेऊन आले. ओशनफ्रंट, पाच खोल्या, आणि भाडे निम्मे! गाव रोडँथी. सगळ्यांनी फोटो पाहिला. घर झकास होते. "भरतीच्या वेळी काढलाय का रे?" मी विचारले, कारण खांब पाण्यात उभे होते.

"ओहोटीच्या वेळी काढला असेल," व्याही गंभीरपणे म्हणाले. आणि नातवाने लगेच फोनवर दुसरीच फिल्म लावली. मे २०२२ मधली. त्याच रोडँथी गावातले दोन मजली घर खांबांवरून अलगद खाली बसते, समुद्रात उतरते आणि लाटांवर डुलू लागते. आत माणसे नव्हती. २०२० पासून तिथली कितीतरी घरे अशी गेली आहेत. या गावावरून २००८ साली एक सिनेमा निघाला होता, 'नाइट्स इन रोडँथी'. त्यातले ते प्रसिद्ध घरही २०१० साली उचलून मागे नेऊन ठेवावे लागले.

व्याह्यांनी मग आम्हांला शिकवणी दिली. त्यांना फळा नसल्याने त्यांनी पोळपाटावर रवा पसरला. वादळात लाटा वाळूच्या टेकाडावरून पलीकडे जातात आणि पुढची वाळू मागे, खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात. पुढून झिजते, मागून वाढते. असे शेकडो वर्षे चालले की सगळे बेटच थोडे थोडे किनाऱ्याकडे सरकते. त्यात आता समुद्राची पातळी चढते आहे, म्हणून घाई झालेली. "बेट बुडत नाही हो," ते बोटाने रवा मागे लोटत म्हणाले, "बेट शहाणं आहे, ते मागे सरतंय. घरं अडून बसली आहेत."

हे वाक्य संपल्यावर चिरंजीवांनी पडद्यातून आपल्या आईकडे पाहिले. आई रवा परत डब्यात कसा जाणार याची काळजी करीत होती.

शेवटी नॅग्ज हेडमधले, तेराव्या मैलाजवळचे, दोन रस्त्यांच्या बेचक्यातले घर ठरले. (तिकडे पत्ता मैलांवर सांगतात, घाटात गाडी बंद पडल्यावर आपण सांगतो तसा.) ते कुणालाच हवे नव्हते, त्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती. गृहरचना संस्थेच्या सभेत ठराव असेच पास होतात. शिवाय जाहिरातीत 'लिफ्ट' असे लिहिले होते. हिचे गुडघे लक्षात घेऊन चिरंजीवांनी त्या रकान्याला पिवळा रंग दिला होता.

शनिवारी निघालो. चिरंजीवांच्या केरी गावाहून चार तासांचा रस्ता. पण शनिवार हा अदलाबदलीचा वार, त्यामुळे मुख्य भूमीवरून बेटावर जाणाऱ्या पुलाआधी मोटारींची जी रांग लागली ती पाहून मला लोणावळ्याची आठवण झाली आणि बरे वाटले. पूल ओलांडला आणि घरांच्या पाट्या सुरू झाल्या. तिथे प्रत्येक घराला नाव असते. आपल्याकडे 'श्रमसाफल्य', 'मातृछाया', 'कृतार्थ'. घर बांधून माणूस दमला आहे हे पाटीवरून कळते. तिकडे 'सी' या अक्षरावर कोटी केल्याखेरीज घराला भोगवटापत्र मिळत नसावे.

आमच्या घरात शिरलो आणि एक गोष्ट लक्षात आली. निजायच्या खोल्या खाली होत्या. स्वयंपाकघर आणि बैठक सर्वांत वर. समुद्र वरून दिसतो म्हणून तिथली पुष्कळ घरे अशी उलटी बांधतात. मी सामान घेऊन लिफ्ट शोधली. लिफ्ट होती. बाहेरच्या भिंतीला लागून, कमरेएवढ्या उंचीचा एक पिंजरा, आणि त्यावर लिहिलेले की माणसांनी बसू नये. ती किराण्याची लिफ्ट होती! चिरंजीवांनी तेवीस रकाने वाचले, पण एका रकान्यातला 'कार्गो' हा शब्द वाचला नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे बटाटे, दूध आणि विहीणबाईंचा बिडाचा तवा लिफ्टने वर जात आणि आमची ही जिन्याने. पहिल्याच दिवशी तिने पायऱ्या मोजल्या. बेचाळीस. "आपल्या पुण्याच्या घराला चव्वेचाळीस आहेत," ती वर पोचून म्हणाली. "दोन वाचल्या." चिरंजीवांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. ज्या पायऱ्यांचे कारण सांगून तो आम्हांला पुण्यातून हलवू पाहत होता, त्याच त्याने आठवड्याच्या भाड्याने आणून दिल्या होत्या.

पण वर गेल्यावर सज्जात उभे राहिले की एकीकडे समुद्राची निळी रेघ आणि दुसरीकडे जॉकीज रिज ही वाळूची अजस्र टेकडी. पहाटे खरोखरच समुद्रातून सूर्य वर आला. मी त्याला नमस्कार केला, तरी मला तो परतीच्या गाडीने आल्यासारखाच वाटला.

तिथे हिंडण्यासारखे खूप आहे, पण आम्हां म्हाताऱ्यांना जिथे जावे तिथे बिऱ्हाडाचीच गोष्ट सापडे. राइट बंधूंचे स्मारक किल डेव्हिल हिल्सला आहे (विहीणबाई गाडीत बसून राहिल्या). १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले ते बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे. पण त्याआधी तीन वर्षे, १९०० साली, विल्बर राइट तिथे आला तेव्हा त्यालाही आमचाच प्रश्न पडला होता: उतरायचे कुठे? आधी किटी हॉकच्या टेट कुटुंबाकडे उतरला, मग भावांनी तंबू ठोकला, आणि १९०१ साली डासांनी दोघांना इतके फोडून काढले की विमानाचा नाद सुटायची वेळ आली. रोअनोक बेटावर तर १५८७ साली शंभरावर इंग्रज माणसांची वसाहत होती. त्यांचा गव्हर्नर सामान आणायला विलायतेला गेला तो १५९० मध्ये परतला, तर गावात चिटपाखरू नाही. फक्त लाकडावर एक शब्द कोरलेला: क्रोएटोअन. ही माणसे गेली कुठे, यावर चारशे वर्षे पंडितांचे वाद चालू आहेत. क्रोएटोअन हे आजच्या हॅटरस बेटाचे जुने नाव, असे सूनबाईंनी वाचून दाखवताच ही म्हणाली, "मग वाद कसला? बिऱ्हाड हलवताना नवा पत्ता लिहून ठेवलाय बिचाऱ्यांनी."

बुधवारी आम्ही त्या नव्या पत्त्यावर गेलो. वाटेत एक लांब पूल लागला. त्याच्या खालून महासागराचे पाणी खाडीत शिरते; ती वाट १८४६ सालच्या एका वादळाने फोडली, त्याआधी तिथे जमीन होती. पुढे रोडँथीजवळ दुसरा पूल, २०२२ साली झालेला. हा तर कोणतीच खाडी ओलांडत नाही. बेटावरचा रस्ता दर वादळात वाहून जाई, म्हणून शेवटी अडीच मैल रस्ताच बेटावरून उचलून मागच्या पाण्यात खांबांवर नेला आहे. जमिनीपेक्षा पाण्याचा भरवसा बरा, असे सरकारी खात्याने लेखी मान्य केलेले दुसरे ठिकाण मला माहीत नाही. व्याही त्या पुलावरून जाताना टोपी काढून बसले होते.

आणि मग बक्स्टनचे दीपगृह. काळेपांढरे पट्टे पिळत वर गेलेला तो विटांचा मनोरा खाली उभे राहून पाहताना मान दुखते. १८७० साली बांधला तेव्हा समुद्र दीड हजार फूट लांब होता. १९७० पर्यंत तो एकशेवीस फुटांवर येऊन ठेपला. मग वर्षानुवर्षे भांडणे: बांध घालावा, की हलवावा, की जाऊ द्यावा? शेवटी १९९९ साली तो अख्खा मनोरा, सुमारे ४८०० टनांचा, पायातून कापून उचलला आणि रुळांवर ठेवून पाच-पाच फूट ढकलत तेवीस दिवसांत २९०० फूट आत नेला. एक चीर गेली नाही म्हणतात. व्याह्यांनी ही हकिगत अशा आवाजात सांगितली की दोन-चार अमेरिकन माणसेही थांबून ऐकू लागली. मराठी येत नसताना.

चिरंजीव संधीची वाट पाहत होतेच. "बघ आई," ते म्हणाले, "एकशेएकोणतीस वर्षांचा होता तो. तोही हलला. आणि किती छान हलला!"

हिने मान वर करून मनोरा टोकापर्यंत पाहिला. मग मला विचारले, "अहो, २९०० फूट म्हणजे किती हो?"

"अर्धा मैल. थोडा जास्तच."

"अर्धा मैल ना?" ती चिरंजीवांना म्हणाली. "मग अर्धा मैल मीही हलते रे. त्याला कुठे कुणी न्यूयॉर्कला नेऊन उभा केलाय?"

व्याही मोठ्याने हसले, मीही हसलो. चिरंजीव हसले नाहीत. परतताना ते गाडी चालवत होते आणि कुणी बोलत नव्हते. जुळ्या झोपल्या होत्या हे सगळ्यांना सोयीचे झाले.

रात्री मला झोप येईना. वर जाऊन पाणी प्यावे म्हणून जिना चढू लागलो, तर सज्जातून दोघांचा आवाज आला. मी बत्तिसाव्या पायरीवर थांबलो.

"पायऱ्यांचं नाही गं आई," तो म्हणत होता. "फोन वाजला की पुण्याचा आहे का ते आधी बघतो मी. रात्री दोनला वाजला तर... बाबांच्या त्या वेळी मला घरी पोचायला सव्वीस तास लागले होते. सव्वीस तास मी नुसता बसून होतो."

त्या वेळी म्हणजे तीन वर्षांपूर्वी, माझ्या छातीत स्टेंट घातले तेव्हा. तो आला त्या दिवशी मी खाटेवर बसून पेपर वाचत होतो आणि "एवढी घाई कशाला केलीस?" असे विचारून त्याच्या अंगावर ओरडलो होतो. ते सव्वीस तास त्याने कसे काढले हे मी आजवर विचारले नव्हते.

ही बराच वेळ काही बोलली नाही. समुद्राचा आवाज मात्र येत होता. रस्ता मध्ये असूनही.

"मला ठाऊक आहे रे," ती शेवटी म्हणाली. "पण इथे आले तर तुला पोचायला सव्वीस तास लागणार नाहीत, आणि मी दिवसभर तू ऑफिसातून येण्याची वाट बघत बसेन. तिथे मला खाली उतरलं की दहा माणसं भेटतात. आठव्या मिनिटाला डॉक्टर येतो, आणि तो येईपर्यंत जोशीकाकू माझ्यावर आधीच उपचार सुरू करतात." मग जरा थांबून, "लिफ्टचं घर बघ आमच्यासाठी. तू बघ. यांच्याकडून व्हायचं नाही, हे स्वस्त शोधतील."

मी पाणी न पिताच खाली उतरलो.

शनिवारी सकाळी दहाला घर सोडायचे. साडेनऊपर्यंत अकरा माणसांच्या अंघोळी, उरलेल्या बटाट्यांची वाटणी, जुळ्यांचा हरवलेला एक बूट आणि विहीणबाईंचा तवा, एवढे सगळे झाले. देव हिने स्वतः डब्यात ठेवले. पूर्वेची भिंत नव्हती म्हणून ते आठवडाभर शेगडीशेजारी साखरेच्या डब्यावर बसले होते आणि त्यांची तक्रार दिसली नाही. तवा किराण्याच्या लिफ्टने खाली गेला. त्याच्यामागून ही, कठड्याला धरून, पायऱ्या मोजत.

पुलापाशी पुन्हा रांग लागली. या वेळी उलट्या बाजूने. सूनबाई गाडी चालवत होत्या, चिरंजीव शेजारी बसून मांडीवरच्या यंत्रावर काहीतरी टिपत होते. मी मागून चष्मा सावरून पाहिले. नवा तक्ता होता. पहिल्या रकान्यात लिहिले होते, 'पेरूगेटापासून अंतर, फुटांत'. दुसऱ्यात, 'लिफ्ट (माणसांची)'.

"बाबा," त्यांनी मागे न बघता विचारले, "पेरूगेटापासून २९०० फूट म्हणजे कुठवर येतं?"

"अलका टॉकीजच्या चौकाच्या आसपास," मी म्हटले. "पण तिकडे भाडी फार आहेत."

"हे बघा, मी म्हटलं नव्हतं?" ही म्हणाली आणि डोळे मिटून बसली.